तोंडाच्या कॅन्सरची गाठ मोजणाऱ्या तपासण्या: कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा

तोंडाचा कॅन्सर निघाला की फाइलमध्ये आकडे साचायला लागतात. ओपीडीच्या कागदावर ‘३ x २ सेंमी’, सीटीमध्ये ‘२.६ सेंमी’, एमआरआयमध्ये ‘खोली ९ मिमी’ आणि ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात ‘२.२ सेंमी, डीओआय (म्हणजे खोली) ६ मिमी’. गाठ एकच, आकडे चार. नातेवाइकांना वाटतं, कुणीतरी चुकलंय. बहुतेक वेळा कुणीच चुकलेलं नसतं. प्रत्येक तपासणी थोडी वेगळी गोष्ट मोजत असते आणि पुढे काय होण्याचा संभव आहे हे सांगायची प्रत्येक आकड्याची कुवतही वेगळी असते.

या तपासण्या सेवा म्हणून विकत घेताना पैसे कशाचे मोजतोय आणि त्यातून निर्णयाला उपयोगी काय हाती येतंय, हे पाहण्यासाठी हा आढावा. निकाल आधीच सांगायचा तर असा: ऑपरेशननंतरचा नीट केलेला हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दिलेला रिपोर्ट, सगळ्यांत मोलाचा. ऑपरेशनआधी जिभेसाठी एमआरआय, गाल आणि हिरडीसाठी गाल फुगवून काढलेला सीटी. तोंडातून केलेली सोनोग्राफी आपल्याकडे फारच कमी वापरली जाते. पेट स्कॅन खोली मोजण्याच्या कामाचा नाही.

मोजायचं नेमकं काय

अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सर, म्हणजे एजेसीसी, हिच्या सातव्या आवृत्तीपर्यंत तोंडाच्या लहान-मध्यम गाठीचा टप्पा फक्त रुंदी-लांबीवर ठरायचा: २ सेंटिमीटरपर्यंत टी१, ४ पर्यंत टी२, त्यापुढे टी३ (टी म्हणजे ट्यूमर, मूळ गाठ). जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत खोली आली. डेप्थ ऑफ इन्व्हेजन, सगळे त्याला डीओआय म्हणतात. आता टी१ म्हणजे २ सेंमीपर्यंत आणि खोली ५ मिमीपर्यंत. २ सेंमीच्या आतलीच गाठ ५ मिमीपेक्षा खोल गेली की टी२. २ ते ४ सेंमीची गाठ १० मिमीपेक्षा जास्त खोल असेल तर टी३. ४ सेंमीपेक्षा मोठी आणि शिवाय १० मिमीपेक्षा खोल, ही सुधारित छपाईत टी४ए झाली (टी४ हा सर्वांत पुढचा टप्पा; ए आणि त्याहून गंभीर बी हे त्याचे भाग). पहिल्या छपाईत ती टी३ होती. एकाच रुग्णाच्या दोन कागदांवर दोन टप्पे दिसतात, त्याचं एक कारण हे आहे. जुना तक्ता भिंतीवर लावलेला असतो आणि कुणी बदललेला नसतो.

खोलीला एवढं महत्त्व का? वरच्या पापुद्र्यात लसिकावाहिन्या बारीक असतात, खाली स्नायूत गेल्यावर त्या मोठ्या होतात, नसाही जाड मिळतात, आणि जिभेचा स्नायू दिवसभर हलत असतो. गाठ खाली जाईल तसा मानेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचण्याचा रस्ता सोपा होतो. त्यामुळे ३ सेंमी पसरलेला पण २ मिमीच खोल असलेला चट्टा, हा दीड सेंमीच्या पण ८ मिमी खोल गेलेल्या व्रणापेक्षा बरेचदा सौम्य वागतो. जगातल्या ११ केंद्रांमधल्या ३,१४९ रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने खोली टप्प्यांत घालण्याचा पाया घातला.

उपचारावर होणारा परिणाम आपल्या परळच्या टाटा मेमोरियलनेच जगाला दाखवला. मानेत गाठ हाताला लागत नसताना, तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेच्या ग्रंथी काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावं, या प्रश्नावरची त्यांची चाचणी २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. तीन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण आधीच ग्रंथी काढलेल्यांत ८० टक्के, थांबलेल्यांत ६७.५ टक्के. खोली ३ मिमीपेक्षा कमी असलेल्यांमध्ये हा फायदा स्पष्ट दिसला नाही. म्हणून २ ते ४ मिमीच्या पट्ट्यात मोजणाऱ्याच्या हातून एक मिलिमीटर इकडचा तिकडे झाला, तर मान उघडायची की नाही हा निर्णय बदलू शकतो. मोजणीबद्दल इतकं काटेकोर बोलायचं ते यासाठी.

जाडी आणि खोली यांतला घोळ

रिपोर्टात ‘ट्यूमर थिकनेस’ लिहिलंय की ‘डीओआय’, हे पहिल्यांदा पाहावं. जाडी गाठीच्या स्वतःच्या वरच्या टोकापासून मोजतात. खोली मोजताना गाठीच्या शेजारच्या निरोगी त्वचेच्या तळपापुद्र्याची, म्हणजे बेसमेंट मेम्ब्रेनची, पातळी धरायची आणि तिथून गवंडी ओळंबा सोडतो तशी सरळ काटकोनात रेघ सर्वांत खोल पोचलेल्या पेशीपर्यंत न्यायची.

आकड्यांत पाहा. फ्लॉवरसारखी वर वाढलेली गाठ पातळीच्या वर ६ मिमी आणि खाली ३ मिमी असेल तर जाडी ९, खोली ३. खड्डा पडलेल्या व्रणात उलट होतं: मधला ४ मिमी भाग झडून गेलाय, त्याखाली ५ मिमी गाठ उरलीय. जाडी ५, खोली ९. पहिल्या रुग्णाची जाडी खोली समजून घेतली तर टप्पा विनाकारण वाढतो. दुसऱ्याच्या बाबतीत तीच गल्लत झाली तर टप्पा आणि धोका दोन्ही कमी दिसतात, आणि हीच चूक जास्त महागात पडते. आपल्याकडे येणारे बरेच कॅन्सर व्रणाच्या स्वरूपाचे असतात, म्हणून नुसत्या ‘थिकनेस ५ मिमी’वर समाधान मानू नये.

हात आणि पट्टी

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित. चांगला सर्जन ग्लोव्ह घातलेल्या बोटाने गाठीच्या कडेचा कडकपणा चाचपतो, जीभ गॉझने धरून बाहेर ओढतो, गालाच्या आत एक बोट आणि बाहेर दुसरं ठेवून दोन्हींच्या मध्ये गाठ पकडतो. डोळ्याला दिसणारा व्रण आणि बोटाला लागणारा कडक भाग यांत बरेचदा एक सेंटिमीटरचा फरक असतो. लिहायचा तो कडक भागाचा आकडा. खोली मिलिमीटरमध्ये बोटाने सांगता येत नाही, पण पातळ, मध्यम, जाड असा अंदाज अनुभवी हात देतो आणि एजेसीसीलाही क्लिनिकल टप्प्यासाठी तो चालतो.

इथे आणखी एक मोजमाप घ्यायचं असतं आणि ते सर्रास राहून जातं: तोंड किती उघडतं. वरच्या-खालच्या पटाशीच्या दातांच्या कडांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. गुटखा, मावा, खर्रा खाणाऱ्यांमध्ये सबम्यूकस फायब्रोसिसमुळे, म्हणजे तोंडाची आतली त्वचा ताठ होत जाण्याच्या आजारामुळे, तोंड आधीपासूनच कमी उघडत असतं. ते किती वर्षांपासून आणि अलीकडे किती झपाट्याने कमी झालं, हे विचारायलाच हवं. वर्षानुवर्षं दोन बोटं मावतील एवढं उघडणारं तोंड महिन्याभरात एका बोटावर आलं, तर गाठ चावण्याच्या स्नायूंपर्यंत पोचल्याची शंका घ्यावी लागते. ज्या ओपीडीत पहिल्याच भेटीत हा आकडा लिहितात, तिथली बाकीची तपासणीही सहसा नीट असते.

तोंडातून सोनोग्राफी

हॉकी स्टिकसारखा वाकडा, बोटाएवढा प्रोब, १० मेगाहर्ट्झ किंवा जास्त. त्यावर जेल, वर ग्लोव्हचं आवरण, जीभ बाहेर धरायची आणि प्रोब गाठीवर टेकवायचा. रेडिएशन नाही, इंजेक्शन नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागातल्या लहान गाठींसाठी या मोजणीचा आकडा पॅथॉलॉजीच्या आकड्याशी बरेचदा एमआरआयपेक्षाही जवळ येतो. ५ मिमीच्या आतल्या गाठी एमआरआयमध्ये अनेकदा दिसतच नाहीत. तिथे हिची खरी किंमत कळते.

चुकतं कुठे? प्रोब दाबला जातो. मऊ जीभ दबते, खोली कमी भरते. जेलचा जाड थर ठेवून नुसतं टेकवायचं, हे तंत्र सरावानेच येतं. तोंड उघडत नसेल, व्रण दुखत असेल, गाठ जिभेच्या मुळाशी असेल तर ही तपासणी बाद. हाडाबद्दल ती काहीच सांगत नाही. शिवाय असा प्रोब आणि तो तोंडात वापरण्याचा सराव, दोन्ही असलेली केंद्रं मोजकीच. मानेच्या सोनोग्राफीला जाताय तिथे हा प्रोब आहे का, एवढं विचारून पाहावं. असेल आणि जिभेची गाठ लहान असेल, तर हे पैसे सार्थकी लागतात.

एमआरआय

जिभेच्या आणि जिभेखालच्या जागेच्या गाठीसाठी ऑपरेशनआधीची मुख्य तपासणी. पण ‘तोंडाचा एमआरआय’ या एका नावाखाली फार वेगवेगळ्या दर्जाचं काम मिळतं. ३ मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइस, जिभेसाठी समोरून उभे छेद म्हणजे कोरोनल प्लेन, कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, गाठ उठून दिसायला लावणारं औषध) देऊन चरबीची चकाकी दाबलेली टी१ मालिका, हे असेल तर खोली मोजता येते. (इथले टी१-टी२ हे एमआरआयच्या चित्रांचे प्रकार, गाठीचे टप्पे नव्हेत.) ५ मिमीच्या स्लाइसवर ४ मिमीची खोली मोजायला जाणं म्हणजे अंदाज. टी२ मालिकेत गाठीभोवतीची सूजही चकाकते आणि आकडा फुगतो.

एकूणच एमआरआयची खोली पॅथॉलॉजीपेक्षा साधारण २ ते ३ मिमी जास्त भरते. यात मशीनचा दोष नाही. सूज मिसळते, आणि कापून काढलेला तुकडा नंतर आकसतो. म्हणून एमआरआयवर ६ मिमी आलं आणि अंतिम रिपोर्टात ४ मिमी, तर दचकायचं कारण नाही. रेडिओलॉजिस्टने रेघ कुठून धरली ते महत्त्वाचं: गाठीच्या दोन्ही बाजूंच्या निरोगी त्वचेला जोडणारी रेघ, तिला काटकोनात खाली. हे ज्या रिपोर्टात एका वाक्यात लिहिलेलं असतं आणि मोजलेल्या चित्राचा क्रमांक दिलेला असतो, तो रिपोर्ट चांगला.

सगळ्यांत जास्त बिघाड क्रम चुकल्यामुळे होतो. आधी बायोप्सी, मग आठवड्याने एमआरआय. बायोप्सीची सूज आणि साकळलेलं रक्त गाठ म्हणून मोजलं जातं. एमआरआय आधी आणि बायोप्सी नंतर, हा क्रम जमत असेल तर तोच धरावा. नाही जमला तर बायोप्सीची तारीख आणि जागा मागणीपत्रावर लिहून द्यावी. गिळण्याच्या हालचालीनेही चित्र हलतं. मशीनमध्ये जाण्याआधी लाळ गिळून घ्या आणि मालिका चालू असताना जीभ स्थिर ठेवा, हे तंत्रज्ञाने सांगायला हवं. धातूची कॅप किंवा ब्रिज असेल तर आधीच सांगा. पेसमेकर असेल तर एमआरआय चालणारा आहे का, ते कागदावर दाखवा.

गाल फुगवून सीटी

महाराष्ट्रातला तोंडाचा कॅन्सर बराचसा गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीतला, कारण तंबाखूची गोळी तिथेच धरली जाते. साध्या सीटीत गालाची आतली बाजू आणि हिरडी एकमेकांना चिकटलेली असतात, आणि गाठ नेमकी कुठून सुरू झाली हे कळत नाही. उपाय साधा आहे: ओठ मिटून गाल हवेने फुगवायचे, श्वास नाकाने घ्यायचा, स्कॅनचे काही सेकंद तसंच राहायचं. मधे हवेचा काळा पट्टा तयार होतो आणि गाठीच्या कडा मोकळ्या दिसतात.

यात जादा खर्च काहीच नाही, तरी अनेक सेंटरमध्ये सांगितल्याशिवाय करत नाहीत. मागणीपत्रावर ‘पफ्ड चीक’ लिहून घ्यावं आणि आदल्या दिवशी आरशासमोर सराव करावा; ऐनवेळी गाल अर्धवट फुगले तर पट्टा अपुरा येतो. फायब्रोसिसने गाल ताठ झालेल्यांना पूर्ण जमत नाही, तरी जेवढं जमेल तेवढ्यानेही फरक पडतो. कॉन्ट्रास्ट द्यायचं म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट बरोबर हवा.

सीटीवर हाडासाठी एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ छेद आणि ‘बोन विंडो’, म्हणजे हाड स्पष्ट दिसेल अशी चित्रं, दोन्ही हवेत. इथे तीन गोष्टी निकालाला वळण देतात. एक, जबड्याच्या हाडाचं बाहेरचं कवच गाठीने फोडलंय का. फोडलं असेल तर आकार कितीही असो, टी४ए. हिरडीच्या गाठीने दाताची खोबण नुसती वरवर खरवडली असेल तर तेवढ्याने टी४ होत नाही, आणि हा फरक घाईच्या रिपोर्टात हरवतो. दोन, गाठीखाली निरोगी हाडाची उंची किती उरते. जबडा अखंड ठेवून फक्त वरची कड कापायची असेल तर खाली निदान एक सेंटिमीटर हाड शिल्लक राहायला हवं, नाहीतर ते पुढे मोडतं. दात बरेच आधी पडलेल्या वृद्धांत हाड झिजून बारीक झालेलं असतं. तिथे ही उंची आधी मोजली नाही तर ऑपरेशनच्या टेबलावर बेत बदलावा लागतो. तीन, चावण्याच्या स्नायूंच्या जागेत गाठ शिरली असेल तर ती जबड्याच्या मागच्या खाचेच्या, मँडिब्युलर नॉचच्या, वर आहे की खाली. कागदावर दोन्ही टी४बीच. पण खाचेखालच्या गाठी अनुभवी टीमला पूर्ण काढता येतात आणि अशा रुग्णांचे निकाल खाचेवर गेलेल्यांपेक्षा चांगले असतात. ‘टी४बी, ऑपरेशन अशक्य’ एवढ्यावर घरी परतण्याआधी हा प्रश्न जरूर विचारावा.

गाल-हिरडीच्या बाबतीत डीओआयचा भाव थोडा उतरतो हेही सांगायला हवं. हिरडीची त्वचा पातळ आणि तिच्याखाली लगेच हाड. काही मिलिमीटरमध्ये गाठ हाडाला भिडते. तिथे खोलीपेक्षा हाडाचा प्रश्न मोठा. खोलीचे कटऑफ जिभेवर सगळ्यांत चांगले चालतात.

ओपीजी आणि पेट

ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एकत्र एक्स-रे, दातांसाठी आणि हाडाच्या उंचीच्या ढोबळ अंदाजासाठी काढावा. हाडातला कॅल्शियम बराचसा, तीसेक टक्के किंवा जास्त, गेल्याशिवाय त्यात खड्डा दिसत नाही, म्हणून ‘ओपीजी नॉर्मल’वर हाड सुरक्षित आहे असं धरू नये. पेट-सीटी पुढच्या टप्प्यांत शरीरात इतरत्र पसरलंय का हे पाहायला. लहान गाठीची खोली त्यातून मिळत नाही, आणि टी१-टी२ मध्ये त्यासाठी पैसे घालवू नयेत.

हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट: सगळ्यांत मोलाचा कागद

बायोप्सीच्या रिपोर्टाकडून खोलीची अपेक्षा करू नये. तो व्रणाच्या कडेचा छोटा तुकडा. गाठीचा तळ त्यात आलेलाच नसतो. खरं मोजमाप होतं ते ऑपरेशनमध्ये काढलेल्या पूर्ण तुकड्यावर, आणि तिथेही शेवटचा आकडा आधीच्या पायऱ्यांवर उभा असतो.

तुकडा निघाल्याबरोबर सर्जनने टाके किंवा क्लिप लावून पुढची, मागची, वरची बाजू दाखवायची. ते नसेल तर ‘खालची मार्जिन २ मिमी’ (मार्जिन म्हणजे गाठीपासून कापलेल्या कडेपर्यंतचं अंतर) या वाक्याला अर्थ उरत नाही, कारण खालची बाजू कुठली हे नक्की नाही. मग १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दहापट. मोठा तुकडा छोट्या बरणीत कोंबला की फॉर्मॅलिन आत पोचत नाही, मधला भाग कुजतो आणि स्लाइडवर पेशी ओळखू येत नाहीत. एक ते दोन दिवस मुरल्यावर कडांना शाई, मग ३ ते ४ मिमीवर पावासारखे समांतर काप. काप त्वचेला काटकोनात हवेत. तिरका काप गेला की ५ मिमीची खोली ७ मिमी भरते. गाठीलगतची निरोगी त्वचा त्याच ब्लॉकमध्ये हवी. ती नसेल तर ओळंबा सोडायला पातळीच मिळत नाही. लहान गाठ पूर्ण तपासायची, मोठी असेल तर दर सेंटिमीटरला निदान एक ब्लॉक. दोनच ब्लॉक घेतले तर सर्वांत खोल जागा नेमकी न कापलेल्या भागात राहू शकते. हाड असलेला तुकडा आधी मऊ करावा लागतो, त्यात बरेच दिवस जातात. जबड्याच्या ऑपरेशनचा रिपोर्ट उशिरा येतो तो बहुधा यामुळे.

मार्जिनचा आकडा वाचताना आकसणं लक्षात ठेवा. तोंडाची त्वचा आणि स्नायू कापल्याकापल्या आकसतात, साधारण पाचवा ते चौथा हिस्सा, जिभेत काही वेळा त्याहून जास्त. फॉर्मॅलिनचा वाटा त्यात लहान असतो. सर्जनने टेबलावर एक सेंटिमीटर सोडलेला असतो आणि रिपोर्टात ७-८ मिमी येतं. ५ मिमी किंवा जास्त मार्जिन मोकळी, १ ते ५ जवळची, १ मिमीच्या आत असेल तर गाठ कडेला लागलेली, असं बहुतेक ठिकाणी धरतात. म्हणून ‘मार्जिन्स फ्री’ हे दोन शब्द निरुपयोगी आहेत. सगळ्या कडा आणि तळ, प्रत्येकाचा आकडा मिलिमीटरमध्ये हवा. सगळ्यांत जास्त दगा तळाची कडा देते, कारण ती सर्जनला डोळ्यांनी दिसत नाही.

आता दोन नमुने शेजारी ठेवून पाहा. पहिला: ‘मॉडरेटली डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, २.५ सेंमी, मार्जिन्स फ्री, नोड्स निगेटिव्ह.’ दुसरा: ‘जिभेची डावी कड, २.१ x १.४ सेंमी, डीओआय ७ मिमी, आक्रमणाचा सर्वांत वाईट नमुना ५, नसांभोवती पसरणं आहे, रक्त-लसिकावाहिन्यांत नाही, सर्वांत जवळची मार्जिन तळाची, ४ मिमी, लेव्हल १ ते ४ मधून २६ ग्रंथी, एकात १.२ सेंमीचा मेटास्टॅसिस, कवचाबाहेर पसरणं नाही, पीटी२ पीएन१.’ दुसऱ्यातल्या लेव्हल म्हणजे मानेचे ठरलेले भाग, मेटास्टॅसिस म्हणजे पसरलेला कॅन्सर, कवच ते ग्रंथीचं, आणि पीटी-पीएन म्हणजे पॅथॉलॉजीने ठरवलेला गाठीचा आणि ग्रंथींचा टप्पा. दुसऱ्यावरून उपचार ठरतो, पहिल्यावरून पुन्हा फोन करावे लागतात. ठरलेल्या रकान्यांत माहिती भरायच्या या पद्धतीला सिनॉप्टिक रिपोर्ट म्हणतात. अमेरिकेतल्या कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सची आणि आयसीसीआर या आंतरराष्ट्रीय गटाची तोंडाच्या कॅन्सरसाठीची यादी तयार आहे. ती वापरायला मशीन लागत नाही, शिस्त लागते.

दुसऱ्या नमुन्यातला ‘नमुना ५’ जरा थांबून वाचण्यासारखा आहे. मूळ गाठीपासून निदान १ मिमी दूर, मधे निरोगी ऊती सोडून, कॅन्सरच्या पेशींची बेटं सापडली की हा दर्जा देतात. लहान गाठीतही त्याच जागी पुन्हा कॅन्सर येण्याचा धोका त्याने वाढतो. नसांभोवती पसरण्याबद्दलही ‘आहे-नाही’च्या पुढे जाऊन मोठ्या नसेभोवती आहे का, किती ठिकाणी आहे, हे चांगला पॅथॉलॉजिस्ट लिहितो.

मानेच्या ग्रंथींचे आकडे

जगण्याच्या शक्यतेवर सर्वांत जड वजन ग्रंथींचं पडतं, आणि इथे तीन आकडे बघायचे. किती ग्रंथी तपासल्या: १८ पेक्षा कमी सापडल्या तर ‘निगेटिव्ह’ या शब्दाचं बळ कमी होतं. मग ऑपरेशन अपुरं झालं की लॅबमध्ये चरबीतून ग्रंथी नीट शोधल्या नाहीत, हे विचारावं. उरलेली चरबी जपून ठेवली असेल तर पुन्हा शोधता येते. किती ग्रंथींत कॅन्सर आणि त्यातला सर्वांत मोठा किती: एकाच बाजूला एकच, ३ सेंमीपर्यंत आणि कवचाबाहेर नाही, तर एन१. आणि ग्रंथीचं कवच फोडून कॅन्सर बाहेर गेलाय का, किती मिलिमीटर: २ मिमीपर्यंत सूक्ष्म, त्यापुढे मोठं. कवच फुटलेलं असेल किंवा मार्जिनला गाठ लागलेली असेल तर रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध द्यायचं, हे २००४ साली आलेल्या युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांपासून पक्कं झालंय. नुसती जवळची मार्जिन, नसांभोवती पसरणं, टी३-टी४ किंवा एकाहून जास्त ग्रंथी असतील तर बहुधा एकटं रेडिएशन, ६ आठवड्यांत ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं एकक).

ऑपरेशनआधीच्या स्कॅनमध्ये मानेतल्या ग्रंथीची लांबी पाहू नका, आडवा लहान व्यास पाहा. १ सेंमीच्या पुढे संशय. मध्ये मऊ पडलेला, कुजलेला भाग असेल तर आकार लहान असला तरी संशय. आपल्याकडे दातांच्या आणि हिरड्यांच्या जुन्या संसर्गाने जबड्याखालच्या ग्रंथी सुजलेल्या असतातच, म्हणून सोनोग्राफीखाली सुईने तपासणी, एफएनएसी, करून मगच बोलावं.

रिपोर्ट अपुरा निघाला तर

लॅबला लेखी विचारा: डीओआय किती मिमी, तो शेजारच्या निरोगी त्वचेच्या पातळीपासून मोजलाय का, तळाची मार्जिन किती, एकूण ग्रंथी किती. बहुतेक पॅथॉलॉजिस्ट तीच स्लाइड पुन्हा काढून पुरवणी रिपोर्ट देतात; त्यासाठी नवीन तपासणी लागत नाही. तरी शंका राहिली तर स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक मागून घ्या आणि टाटा मेमोरियल, खारघरचं टाटाचंच केंद्र अ‍ॅक्ट्रेक किंवा नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरच्या कॅन्सर केंद्रांच्या जाळ्यातल्या जवळच्या मोठ्या केंद्रात पुन्हा वाचून घ्या. नुसत्या स्लाइड नेल्या तर काम अडतं, कारण नवा छेद किंवा विशेष रंग लागला तर ब्लॉकच हवा. ग्रॉसिंगचा तपशील, म्हणजे कुठल्या ब्लॉकमध्ये कुठला भाग, याची प्रतही मागा. त्याशिवाय दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला खोलीचा ब्लॉक कोणता हे कळत नाही.

स्कॅनची फिल्म नेऊन भागत नाही. फिल्मवर रेडिओलॉजिस्ट मोजू शकत नाही. डायकॉम (स्कॅनच्या मूळ डिजिटल चित्रांच्या) स्वरूपातली सीडी किंवा पेनड्राइव्ह हवा, आणि निघण्याआधी तो दुसऱ्या संगणकावर उघडतोय का ते तिथेच पाहून घ्या. हे सगळं समांतर करा, कारण रेडिएशन लागणार असेल तर ते ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. त्यासाठी दातांची तपासणी, काढायचे दात काढून जखम भरणं आणि रेडिएशनवेळी डोकं स्थिर ठेवणारा मास्क बनवणं यात दोन-तीन आठवडे सहज जातात. दुसऱ्या मताची वाट बघत दंतवैद्याची भेट पुढे ढकलू नका.